इंग्रजीत पाणी फक्त ‘फ्लो’ होते का?

गेले काही दिवस एक मजकूर मोठ्या अभिमानाने पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मराठीत पाणी झिरपते, पाझरते, ठिबकते, ओघळते आणि निथळते, इंग्रजीत ते नुसते ‘फ्लो’ होते. शब्दकोशात ‘ऊझ’, ‘सीप’, ‘ट्रिकल’ अशी क्रियापदे सापडली तरी ती एकमेकांच्या जागी खुशाल वापरता येतात. आणि माया पाझरावी, विचार झिरपावा तसा लाक्षणिक वापर तर त्या भाषेला जमतच नाही. यातल्या मराठीच्या कौतुकाबद्दल माझा वाद नाही. इंग्रजीविषयीची तिन्ही विधाने मात्र चुकीची आहेत.

पहिल्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ऊझ, सीप, ट्रिकल, ड्रिप, ड्रिबल, लीक, परकोलेट, एक्झ्यूड ही सारी क्रियापदे इंग्रजीत रोजच्या किंवा निदान नेहमीच्या वापरातली आहेत, आणि मजकूर लिहिणाऱ्यानेच त्यातली तीन पुढे स्वतः नमूद केली आहेत.

दुसरे विधान अधिक लक्ष देण्याजोगे आहे, कारण इंग्रजी–मराठी कोशात या शब्दांपुढे ‘झिरपणे, पाझरणे’ असे तेच ते अर्थ आढळतात आणि त्यातून हा गैरसमज होऊ शकतो. गुडघा खरचटला आहे असे समजा. सोललेल्या कातडीवर रक्त बारीक ठिपक्यांनी वर येते, पण लगेच वाहत नाही, हे ‘ऊझ’. वर पट्टी बांधली की ते कापडाच्या धाग्यांतून वाट काढत बाहेरच्या पदरावर डाग उमटवते, हे ‘सीप’. पट्टीच्या खालच्या काठाशी पुरेसे साठले की एक बारीक धार नडगीवरून खाली उतरते, हे ‘ट्रिकल’. टाचेपाशी ती धार तुटून जमिनीवर एकेक थेंब पडू लागला की ‘ड्रिप’. चारही ठिकाणी रक्त तेच आणि गतीही संथच. बदलतो तो मार्ग आणि आकार. ऊझमध्ये द्रव स्रोताच्या अंगातून, बहुधा दाटसरपणे, बाहेर येतो. सीपला मध्ये सच्छिद्र अडथळा लागतो. ट्रिकलला सलग बारीक धार, तर ड्रिपला सुटे थेंब. या क्रियापदांची अदलाबदल केली तर इंग्रजी वाचकासमोर वेगळेच चित्र उभे राहील.

लाक्षणिक वापर याच भेदांवर उभे आहेत, म्हणून तिसरे विधान सर्वांत दुबळे ठरते. रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन यांच्या ‘द रायव्हल्स’ या 1775 च्या नाटकात द्वंद्वाला उभ्या राहिलेल्या एका भित्र्या पात्राला आपले शौर्य तळहातांतून ‘ऊझ’ होत चालल्याचे जाणवते. घाम फुटलेल्या तळव्यांसाठी याहून नेमके क्रियापद मिळणे कठीण आहे. आजही एखादी व्यक्ती आत्मविश्वास ‘ऊझ’ करते असे म्हणतात, कारण कर्ता हाच तिथे स्रोत असतो. ती आत्मविश्वास ‘सीप’ करते असे मात्र कोणी म्हणत नाही. ‘एक्झ्यूड’चाही असाच सकर्मक वापर होतो. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ घाम येणे असा असला, तरी तो शब्द प्रतिष्ठित झाला आहे, तर ‘ऊझ’ला अजून थोडा चिकटपणा आहे : जो मोहकपणा ‘ऊझ’ करतो, त्याच्यापासून जरा जपून राहावे असे सुचवले जाते.

अर्थकारणातले उदाहरण तर सर्वांना ठाऊक असायला हवे. 1896 मध्ये अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात राजकीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी, श्रीमंतांची भरभराट होऊ दिली की ती खालच्यांपर्यंत ‘लीक’ होईल, ही विरोधकांची कल्पना म्हणून मांडली होती. 1932 मध्ये विनोदकार विल रॉजर्स यांनी त्याच विचाराची खिल्ली उडवताना ‘ट्रिकल डाउन’ म्हटले, आणि पुढे तेच रुळले. माझ्या मते दुसरे क्रियापद टोकदार ठरले ते त्यातल्या बारीक धारेमुळे. वरचा साठा मोठा आणि खाली येते ती एवढीशीच, हे त्या एका शब्दातच दिसते. ‘लीक’ने दरम्यान दुसरे घर केले : बातमी आपोआप ‘लीक’ होते, तशी कोणीतरी ती मुद्दाम ‘लीक’ करतो. (आपल्याकडे पेपर गळत नाही, फुटतो.)

भावनेचा प्रवास उलटाही होतो. ‘वीप’ म्हणजे रडणे. पण इंग्रजीत लस येणारी जखमही ‘वीप’ करते, आणि मातीचा भार पेलणाऱ्या भिंतीत पाणी बाहेर पडावे म्हणून ठेवलेल्या भोकांना स्थापत्य अभियंते ‘वीप होल’ म्हणतात.

मराठीची बाजूच मांडायची होती, तर मजकुरात एक चांगली जागा होती. धुतलेले कापड दोरीवर निथळते, तेव्हा पाणी गळते आहे आणि कापड हलके होत चालले आहे, या दोन्ही गोष्टी एका क्रियापदात येतात. इंग्रजीला त्यासाठी ‘ड्रिप’ आणि ‘ड्रेन’ यांच्यात काम वाटून द्यावे लागते. मजकुराने ‘निथळणे’ यादीत नोंदवले आणि त्याविषयी एक अक्षरही न लिहिता तो पुढे गेला.