एका डोळ्याला उणे, दुसऱ्याला अधिक

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकी पहाटे भरून वाहत असे. म्हणून मी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला एक सेन्सर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडून पंप आपोआप बंद करणारी पेटी जिन्याखाली बसवली आणि हौसेने तिच्यावर आर्डुइनोचे बोधचिन्ह चिकटवले.

"चष्म्याच्या दुकानाची जाहिरात इथे कुणी लावली?" गेल्या रविवारी सेक्रेटरीकाकांनी भर सभेत विचारले. त्या बोधचिन्हात आडवा पाडलेला इंग्रजी आठ असून त्याच्या एका पोकळीत उणे आणि दुसरीत अधिक असते, त्यामुळे काकांना त्यात दोन डोळ्यांना दोन तऱ्हेचे नंबर असलेला कोणी गृहस्थ दिसत होता. ते अनंताचे चिन्ह असून आत विजेचे ऋण आणि धन आहे, असे मी समजावले. त्यावर काका म्हणाले, "अनंताचं कसलं चिन्ह? त्याचा मेंटेनन्स थकलाय."

मग नावाचा अर्थ विचारण्यात आला. 2005 साली इटलीतील इव्रेया गावी मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बोर्ड तयार केला आणि ते ज्या बारमध्ये बसत त्याचे नाव त्याला दिले. त्या बारला हे नाव 1002 साली इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनवरून मिळाले होते. एवढ्या इतिहासातून काकांनी एकच शब्द उचलला.

"म्हणजे पिण्याच्या पाण्यावर दारूच्या बारचं नाव? आणि त्या राजाचं पुढे काय झालं?"

"दोन वर्षांत जर्मन राजा दुसऱ्या हेन्रीने त्याला हुसकावलं."

"दोनच वर्षं? मी इथे अकरा वर्षं सेक्रेटरी आहे."

हौशी मंडळी अशी नावे ठेवतात तेव्हा सोसायटीची वार्षिक सभा त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक निदान फळाच्या नावावर खपून गेला असता. इयान मर्डॉक यांनी मात्र 1993 साली प्रेयसी डेब्राचे आणि स्वतःचे नाव जोडून आपल्या संगणकप्रणालीचे डेबियन हे नाव केले, हे मी सभेत उच्चारलेही नाही. विवाहनोंदणीचा दाखला मागितला गेला असता.

या चर्चेत अर्धा तास गेला. टाकी आता वाहत नाही, याचा उल्लेख एकाही सभासदाने केला नाही, आणि ज्यांच्या गाड्या रोज त्या पाण्याने भिजत होत्या तेच बोधचिन्हाच्या विरोधात सर्वांत मोठ्याने बोलत होते. बोधचिन्ह काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पेटीवर आता 'सौजन्य : व्यवस्थापन समिती' अशी पाटी आहे आणि सुट्या भागांचे बिल 'पुढील सभेत पाहू' या शेऱ्यासह माझ्याकडे परत आले आहे.