पीएचपी बंद झालेली नाही

ठाणे-ऐरोलीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पीएचपी बंद झाली, आता सर्व्हरला फक्त नोड चालणार.' पीएचपी म्हणजे वेबसाइटचा सर्व्हरवरचा भाग लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा; नोड म्हणजे तेच काम जावास्क्रिप्टमध्ये करायचं साधन. मेसेज साफ चुकीचा आहे.

बंद झाला तो पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट, म्हणजे त्यांच्यातल्या चुका दुरुस्त करून देणं. ५.६ चा डिसेंबर २०१८ मध्ये, ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. भाषा १९९५ पासून चालू आहे. विकिपीडिया आणि वर्डप्रेस आजही तिच्यावरच उभे आहेत.

गोंधळ कसा होतो ते नौपाड्यातल्या एका मिठाईच्या दुकानाच्या साइटवर मी स्वतः पाहिलं. होस्टिंगवाल्याने आवृत्ती वाढवली आणि ऑर्डरचं पान पांढरंफटक. सर्व्हरच्या चुकांची नोंद, म्हणजे लॉग उघडला, तर 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे डेटाबेसला जोडणारं फंक्शनच सापडत नाही अशी ओळ. ही जुनी फंक्शन्स ७.० मध्येच काढून टाकली होती. तेवढा भाग पीडीओवर (पीएचपीतलीच डेटाबेसला जोडायची चालू पद्धत) नेला, दोन संध्याकाळी लागल्या. मालक मात्र तोवर सगळी साइट नोडमध्ये नव्याने करून घ्यायला निघाले होते!

नोड उत्तमच आहे. चॅट, लाइव्ह ट्रॅकिंग अशा कामाला मी तेच घेईन. पण त्याच्याही जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट असाच संपतो.

हा मेसेज वाचून ज्यांनी पीएचपीचा क्लास अर्ध्यावर सोडला, त्यांनी कृपया परत जा.