जांभळं पाणी आणि तुमचा टूथब्रश

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया उशिरा वाचली, म्हणून उत्तरालाही उशीर झाला. चाकांवरची ब्रेकची काजळी स्प्रेने काढण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: पाच-सहाशेची बाटली म्हणजे गिऱ्हाइकाला लावलेला चुना, शाम्पू आणि जुना टूथब्रश पुरतो. स्प्रे मारल्यावर वाहणारं जांभळं पाणी हे नाटक, रंग बाटलीतच कालवलेला असतो. आणि काजळी हट्टीच असेल, तर तुमचा गॅरेजवाला संडास साफ करायचं अ‍ॅसिड पाण्यात घालून मारतो, पाच मिनिटांत चाक चकाचक. शिवाय शेवटी, "ताई, कंपनीने किती दिले?"

काही दिले नाहीत. बाटली दुकानातून आणली, आणि दुकानदाराने दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत.

शाम्पूबद्दल तुम्ही बरेचसे बरोबर आहात. दर रविवारी चाकं धुणाऱ्याला स्प्रे लागत नाही, ताजी काजळी शाम्पूने निघते. हे माझ्या लेखात यायला हवं होतं, राहून गेलं. पण माझ्यासारखी माणसं दोन-दोन महिने चाकांकडे बघत नाहीत, आणि तेवढ्यात मामला बदलतो. चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, म्हणजे डिस्क, असते बिडाची. ब्रेक दाबल्यावर तिला आवळणारा पॅड घासला की दोघांचीही झीज होते आणि लोखंडाचे बारीक, तापलेले कण उडून रिमच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, बसतात. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलात की पुढची चाकं बघा, त्यातून गाडी न्यूट्रलवर सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवली असेल तर बघायलाच नको. मागची तितकी काळी नसतात, कारण ब्रेक दाबला की भार पुढे येतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखा ब्रेक, असतो. त्याची काजळी आतच राहते. मग दोन पाऊस पडले की ते कण गंजतात आणि जागच्या जागी घट्ट बसतात.

खोटं वाटत असेल तर फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या. कोरड्या चाकावरची काजळी बोटाने टिपून पांढऱ्या कागदावर झटका आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळी भुकटी केसांसारखी उभी राहते आणि चुंबकामागे सरकते. आता शाम्पूने धुतलेल्या, वाळलेल्या चाकावर बोट फिरवा. वरवर स्वच्छ दिसतं, पण बोटाला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. जवळून पाहिलं तर विटकरी ठिपके दिसतात, मोहरीपेक्षाही बारीक. त्यांच्यावर टूथब्रश जोर लावून चालवलात तर ठिपके राहतात आणि लॅकरवर ओरखडे उठतात.

स्प्रेचं काम इथे सुरू होतं. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. गंजलेल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जांभळट रंग येतो आणि ते लोखंड पाण्यात उतरतं. वास नासक्या अंड्यासारखा. मला तो पहिल्याच फवाऱ्याला ओळखीचा वाटला, कारण पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधात आणि केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातलं रसायन असतं. रंग कालवलेला आहे का, ते घरीच बघा. काचेच्या बशीत दोन फवारे मारा, पाच मिनिटं थांबा. बशीत जांभळं काही दिसणार नाही. मग त्यात तीच चुंबकाला लागलेली भुकटी टाका.

आता अ‍ॅसिड. इथे मात्र मी मवाळ होणार नाही, कारण मी त्यात पोळले आहे. आधीच्या गाडीची चाकं एका वॉशिंग सेंटरवाल्याने अशीच "चकाचक" करून दिली होती. खरंच चमकली, मी त्याला वर पन्नास रुपयेही दिले. महिन्याभरात लॅकरखाली पांढुरके डाग पसरले, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखं लॅकर सुटायला लागलं. संडासाच्या त्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं, आणि अलॉय चाक म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम. लॅकर जिथे उडालं असेल तिथे जे बुडबुडे येतात ते मळाचे नव्हेत. अ‍ॅल्युमिनियम विरघळताना निघणारा तो हायड्रोजन आहे. चाकाचे नट गंजतात ते वेगळंच. पाणी घालून पातळ केलं की हेच सगळं जरा सावकाश होतं, एवढाच फरक.

पॅड बदलले की काजळी बंद, असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. सिरॅमिक पॅडने कमी होते, बंद होत नाही. ब्रेक लागतोय तोवर काहीतरी झिजणारच. युरोपच्या वाहन-प्रदूषणाच्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली आहे, पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. तिथेही शून्य कोणी मागितलेलं नाही.

स्प्रे घेतलातच तर बाटलीवरचं नाव नीट वाचा. व्हील क्लीनर किंवा आयर्न रिमूव्हर हवा. दुकानदार पुष्कळदा ब्रेक क्लीनर हातात ठेवतो, तो ग्रीस काढायचा सॉल्व्हंट आहे, रंगाला आणि रबराला त्याचा उपयोग नाही, अपायच. गाडी सावलीत, चाक हाताला गार लागेल इतकं थंड, हातात मोजे. आधी साध्या पाण्याने माती काढा, मग फवारा, दोन-चार मिनिटं, आणि वाळायच्या आत भरपूर पाणी. डिस्कवर उडाला तर घाबरू नका, तीही लोखंडाचीच, जांभळी होईल. धुऊन टाका आणि निघताना हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून ती कोरडी करून घ्या. पत्र्याची चाकं असतील आणि त्यांचा रंग उडालेला असेल तर मात्र स्प्रेच्या नादी लागू नका. तिथे गंज मुळातच चाकाचा आहे, त्याला घासून रंगच द्यावा लागतो.

टूथब्रश फेकू नका हं. नटांच्या खोबणीत माझा कुठलाच ब्रश जात नाही, तिथे मीही तोच वापरते.