म, न, क आणि एक काना

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला निर्णय मागे घेतला. त्या काळात हिंदीच्या बाजूने एक मुद्दा सारखा मांडला जात होता: लिपी एकच आहे, मग मुलांवर ओझं कसलं? इंग्लंडमध्ये राहून मुलांना मराठी शिकवणाऱ्यांना हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. इथलं मूल पाचव्या वर्षी रोमन आणि देवनागरी अशा दोन वेगळ्या लिप्या शिकतं, आणि त्या येतातही. अडतं ते दुसरीकडे. जे अक्षर गिरवायचं, त्याचा शब्दच कानावरून गेलेला नसतो.

एडका, ऐरण, औत, क्षत्रिय. तक्त्यावरचे हे शब्द आज पुण्यातल्या मुलालाही समजावून सांगावे लागतात. ओळखीच्या शब्दाला अक्षर चिकटतं. शब्दही नवा आणि अक्षरही नवं असलं, की मूल दोन्ही घोकतं आणि दोन्ही विसरतं.

इंग्लंडमधल्या बहुतेक शाळा चार-पाच वर्षांच्या मुलांना ए, बी, सी या क्रमाने वाचायला शिकवत नाहीत. सुरुवात होते एस, ए, टी, पी, आय, एन या अक्षरांनी, तीही नावाने नव्हे तर उच्चाराने, म्हणजे ‘एस’ न म्हणता ‘स्स्’. एवढ्यात सॅट, पिन, टॅप असे शब्द लगेच वाचता येतात. पहिलीच्या अखेरीस ४० शब्दांची तपासणी होते. त्यातले २० मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले असतात, म्हणजे पाठांतर उघडं पडतं. यात आपल्याला अपरिचित काही नाही. ‘ग म भ न’ हा आपला क्रमही याच जातीचा आहे: चारही अक्षरं उभ्या रेघेची, हाताला सोपी, आणि मन, मग, नग असे शब्द देणारी. तरी परदेशातले पालक तो बाजूला ठेवून ‘अ अननसाचा’पासून सुरू करतात. ‘अ’ काढायला किचकट, आणि अननस या मुलांना ‘पाइनॅपल’ म्हणून माहीत.

पण गमन आणि नभ हे शब्दही पाच वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात नसतात. म्हणून परदेशात म, न, क आणि काना एवढंच आधी घ्यावं. मामा, काका, नाना, नाक, कान, मान, काम, मका: तीन अक्षरं आणि एका कान्यात आठ शब्द, सगळे घरातले. मग त, ल, र घेतले की मला, लाल, काल, तारा वाचता येतात. शाळेतली ‘म्म्’ची सवय इथे आणू नये. मराठी ‘म’मध्ये ‘अ’ आधीच आहे, तेव्हा म, मा, का असं अख्खं अक्षर टाळीवर म्हणावं. क, च, ट, त, प हा क्रम कंठापासून ओठांपर्यंत येतो. तो फार सुंदर आहे आणि पाठ व्हायलाच हवा, पण तोंडाने. लिहिण्याचा क्रम वेगळा असू द्यावा.

लिहिण्याची घाई मात्र मायदेशात जास्त दिसते. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीची पानं भरून घेणं ही बोटांवर जबरदस्ती आहे. त्या वयात परातीत रवा पसरून बोटाने अक्षर काढू द्यावं, मग पाटी. पाटीवर पेन्सिल थोडी अडखळते, त्यामुळे हाताला वळण कळतं. टॅबलेटच्या काचेवर बोट नुसतं घसरतं.

परदेशात चूक होते ती वहीची. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, देवनागरी वरच्या रेघेला लटकते. शाळेच्या वहीत मूल मराठी अक्षरंही खाली बसवतं आणि प्रत्येकाची उंची निराळी होते. वरची रेघ लाल, ठसठशीत आखून द्यावी आणि दोरीवर कपडे वाळत घालतो तशी अक्षरं टांगायला सांगावं. शिरोरेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे. भ आणि ध यांच्या डोक्यावर डावीकडे फट असते. घाईत सलग रेघ ओढली की भाऊची माऊ होते आणि ‘धर’चं ‘घर’. म-भ आणि घ-ध या जोड्या म्हणूनच एका आठवड्यात शिकवू नयेत. पहिली वेलांटी सगळ्यात उशिरा घ्यावी: ती दिसते आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे डावीकडून वाचणारं मूल ‘कि’ला ‘इक’ म्हणतं.

आणि ‘लिपी एकच’ हेही पूर्ण खरं नाही. इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते हिंदीचे असतात. त्यांत ळ आणि ॲ सहसा नसतात, ‘ज्ञ’ला ‘ग्य’ म्हणतात, आणि ल व श यांची वळणं वेगळी असतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रमाण ठरवला आहे. अनेक फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली तरच आपलं रूप उमटतं. सरावाचा कागद छापण्याआधी ते एकदा तपासावं, नाहीतर मूल कागदावर एक ल गिरवतं आणि आजीच्या पत्रात त्याला दुसराच दिसतो.