कमी टक्के म्हणजे दार बंद नव्हे

बारावीला ६० टक्क्यांच्या आत असाल तर कॅटचा (आयआयएममधल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा) नाद सोडा, हा एका लेखातला सल्ला मला मनापासून खटकला. आयआयएम अहमदाबाद आणि बंगळूर मुलाखतीला बोलावतानाच दहावी, बारावी, पदवीचे गुण धरतात, हे खरं. तिथे ९९ पर्सेंटाइलवालेही मागे पडतात. पण महाराष्ट्रातल्या मुलांना सीईटीचा, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, रस्ता आहे, त्याचा लेखात उल्लेखही नाही! कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, पदवीला ५० टक्के (राखीव गटांना ४५) ही फक्त पात्रता. पुढची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच लागते, मुलाखत नाही. मुंबईतल्या जमनालाल बजाज, सिडनहॅम या संस्था याच रांगेत येतात. अर्थात बजाजसाठी ९९ पर्सेंटाइलच्याही बरंच वर जावं लागतं.

माझे इंजिनिअरिंगला ५४ टक्के. वडिलांच्या आजारपणात दोन सेमिस्टर केटीत गेली, म्हणजे विषय राहिले. नोकरीच्या मुलाखतींत गुण कमी का, हाच प्रश्न यायचा. कारण दोन वाक्यांत सांगायचं आणि त्यानंतर काय केलं यावर जास्त बोलायचं, हे मला तिसऱ्या मुलाखतीत उमगलं. परदेशी अर्जांत यासाठी ऐच्छिक निबंध असतो, तिथेही रडगाणं नको. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी मात्र उरलेल्या सेमिस्टरचे गुण आत्ताच वाढवावेत, चढता आलेख मुलाखतीत दाखवता येतो.