पाऊणशे वयमान, वय वर्षे एकवीस

विद्यापीठाच्या नाट्यविभागाचं नाटक बघायला जाणाऱ्याच्या हातात तिकीट नसतं, पास असतो. तिकीटवाला मध्यंतरात उठून घरी जाऊ शकतो. पासवाल्याची ती सोय नाही, कारण पास देणारा विंगेतल्या फटीला डोळा लावून कोण कुठे बसलंय ते बघत असतो. त्यात नाटक ‘संगीत शारदा’ असेल आणि सोबत चार मित्र असतील, तर घरून जेवूनच निघावं.

पाससोबत येणारा शब्द म्हणजे ‘परीक्षा प्रयोग’. याचा अर्थ, प्रयोग आपल्यासाठी नाहीच. तो तिसऱ्या रांगेत मधोमध बसलेल्या बाह्य परीक्षकांसाठी आहे. त्यांच्या मांडीवर गुणपत्रिका, हातात पेनाएवढी बॅटरी. त्यांच्या मागे बसू नये, कारण बॅटरी पेटली की आपलं लक्ष रंगमंचावरून गुणांवर जातं. पहिल्या रांगेतही बसू नये, तिथे नाटक दोनदा ऐकू येतं: आधी विंगेतल्या प्रॉम्प्टरकडून, मग नटाकडून. सातवी-आठवी रांग, कडेची खुर्ची बरी. पंख्याखालची जागा धरणाऱ्यांची मात्र कीव येते. तिसरी घंटा झाली की पंखे बंद होतात, कारण वर टांगलेले माइक संवादाआधी पंख्याची घरघर उचलतात.

पासवर सातची वेळ असते. पहिली घंटा सव्वासातला होते, कारण लाइटवाल्याची शिडी अजून रंगमंचावरच्या घरात उभी असते.

ही पंधरा मिनिटं मित्रांना आवरण्यात जातात. प्रत्येक टोळक्यात एक अभ्यासू असतोच. तो सांगतो, की नाटकाचा परिणाम बघा, यावरूनच ‘शारदा कायदा’ आला. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९चं, बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९चा, हे खरं. पण त्या कायद्याला नाव पडलं ते हरबिलास सारडा यांचं. नावाचा योगायोग इतका फक्कड आहे, की तो खोडून काढणाराच खोटा वाटतो. अभ्यासूला रिक्षातच हे सांगून टाकावं. नाहीतर नांदी चालू असताना कुजबुजत सांगावं लागतं, आणि परीक्षक मागे वळून आपल्यालाही गुण देतात.

नाटकातला पेच सोपा आहे. पैशाला हपापलेला कांचनभट आपली कोवळी पोर शारदा म्हाताऱ्या श्रीमंत भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालाय आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतोय. म्हणजे एक थेरडा तरुण नवरदेवाच्या ऐटीत मिरवतो, ही गंमत. विद्यापीठात ती उलटी होते. इथे एकवीस वर्षांचा मुलगा पंचाहत्तरीचा म्हातारा होऊन, त्या म्हाताऱ्याने घेतलेलं तरुणपणाचं सोंग वठवत असतो. दोन थर झाले. त्यातला वरचा थर टाल्कम पावडरचा असतो.

या पावडरबद्दल नीट सांगायला हवं. केस पांढरे करायची बरी रीत अशी: केसांना तेलाचा अगदी पुसटसा हात, मग पांढरा पॅनकेक (म्हणजे मेकअपचा रंग) पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने कानशिलांपासून मागे, एकेक बट धरून. वीस मिनिटं जातात, पण केस केसांसारखे दिसतात. परीक्षा प्रयोगाला वीस मिनिटं नसतात. मग डबा उपडा होतो. कोरड्या केसांवर पावडर ठरत नाही, म्हणून कुणीतरी आधी तेल जरा सढळ लावतं, आणि डोक्यावर उकडीची पारी तयार होते. तेल न लावल्यास पुढचा प्रकार: दीक्षित प्रेमाने श्रीमंतांच्या पाठीवर थाप मारतो, आणि मागून येणाऱ्या प्रकाशात एक पांढरा ढग उठतो. तो खाली बसायला दीडेक मिनिट लागतं. तेवढ्यात भुजंगनाथाला खरा खोकला येतो आणि प्रेक्षक त्याच्या अभिनयाला टाळी देतात.

मिशीचा धर्म वेगळा. स्पिरिट गम लावल्यावर मिनिटभर थांबायचं, बोटाला चिकचिक लागली की मगच क्रेप, म्हणजे मिशीचे नकली केस, दाबायचं. ओल्या गमावर लगेच दाबलं, किंवा ओठावरचा घाम पुसायचा राहिला, तर मिशी सुटते. सुटते ती कोपऱ्यातून, कारण बोलताना जास्त हालतो तो ओठाचा कोपरा. एकदा कोपरा सुटला की नट त्याच बाजूने बोलणं टाळतो. सगळे संवाद डाव्या विंगेला. उजवीकडे बसलेल्यांनी पाठ बघून भाव ओळखावेत.

गाण्यांकडे येऊ. मूळ नाटक पाच अंकी, पदांनी गच्च भरलेलं. विद्यार्थी ते सव्वादोन तासांत बसवतात. कात्री लागते ती संवादांना, कारण पदं कापली तर उरतं काय? त्यामुळे माणसं गातात भरपूर, पण का गातात ते कळत नाही. शेवटी बोहल्यावरचं लग्न सगोत्र निघतं म्हणून मोडतं, तेव्हा गोत्राचा आधीचा उल्लेख कात्रीत गेलेला असतो. शेजारचा मित्र विचारतो, “अरे, झालं काय?” आपण म्हणतो, “बघ ना, पुढे कळेल.” पुढे काही कळत नाही.

सुराचा घोळ वेगळाच. मुलं गाणार काळी एकच्या पट्टीत, शारदा काळी चारच्या. म्हणजे तबले दोन हवेत. भाड्याने एकच आलेला असतो, मग तबलजी दोन पदांच्या मधे हातोडी घेऊन ठाकठोक करतो. पावसाळ्यात दमट हवेने शाई-पुडी सैल पडून सूर उतरतो, दिव्यांखाली चामडं तापलं की चढतो. नटी सुरात असेल तर तबला नसतो, तबला असेल तर पेटीवाला वैतागलेला असतो. आणि नेमक्या अशा वेळी आपल्यातला एक मित्र ओरडतो, “वन्समोअर!” या मित्राला कधीही कडेची खुर्ची देऊ नये. वन्समोअर दिला की पाच मिनिटं गेली, आणि शेवटची बस काही ठाय लयीत जात नाही.

आता विजेचं गणित. नाट्यगृह जुनं, एका सोळा अँपियरच्या सर्किटवर हजार-हजार वॅटचे चार पार, म्हणजे रंगमंचाचे झोतदिवे. एकेक साधारण साडेचार अँपियर ओढतो, म्हणजे चौघांतच काटा सोळाच्या पुढे. तरी एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, लगेच पडत नाही. थोडा जादा भार तो बराच वेळ सोसतो, म्हणूनच तालमीत सगळं सुरळीत असतं. प्रयोगाच्या दिवशी ग्रीनरूममध्ये कुणीतरी चहासाठी दीड हजार वॅटची किटली त्याच बोर्डात खुपसतं. बेरीज चोविसाच्या घरात जाते, आतली पट्टी हळूहळू तापते, आणि काही मिनिटांनी, बरोबर शारदेच्या ‘मूर्तिमंत भीती उभी’ या पदाच्या पहिल्या ओळीवर, अंधार.

माइक मेला, दिवे गेले. पण पायपेटीला वीज लागत नाही, तबल्यालाही नाही. मुलगी क्षणभर थांबते आणि मग नुसत्या गळ्याने पुढे गाते. इतका वेळ स्पीकरमधून परतून येणाऱ्या स्वतःच्याच आवाजाशी भांडत होती, आता तिला पेटी ऐकू येते. ती सुरात येते. विजेच्या दिव्यांशिवाय उभं राहिलेलं नाटक ते, त्याला या अंधाराचं नवल नसावं. आमच्या रांगेत वन्समोअरवालाही गप्प असतो. मोबाइलचे टॉर्च लावावेत असा मोह होतो, लावू नयेत.

मग कुणीतरी किटली काढतं, खटका वर होतो, दिवे भक्कन येतात आणि दिसतं, की अंधाराचा फायदा घेऊन विंगेतून दोघं जण पुढच्या प्रवेशाचं तुळशीवृंदावन आणत होते. ते जागीच थिजतात. प्लायवूडचं वृंदावन दोघांना उचलावं लागतं, हेही त्यानिमित्ताने कळतं.

प्रयोग संपला की ग्रीनरूम. तिथे काय बोलायचं ते रांगेतच वाटून घ्यावं. “छान झालं” पाचही जणांनी म्हटलं तर नटाला संशय येतो. एकाने नेपथ्याचं बोलावं, एकाने पेटीवाल्याचं, एकाने अंधारातल्या पदाचं (हे खरं असल्यामुळे सोपं जातं). चौथ्याने “पाठांतर जबरदस्त” म्हणू नये, प्रॉम्प्टर शेजारीच उभा असतो.

पाचव्याला काही बोलावंच लागत नाही. भुजंगनाथ अर्धी मिशी लोंबत धावत येतो आणि एकेकाला कडकडून मिठी मारतो. बाहेर पार्किंगमधल्या एखाद्या गाडीच्या आरशात बघावं: खांदे, भुवया, कानशिलं पांढरीफटक, आणि पाचही जण खोकत असतात.