जॉनी ॲपलसीड बिया उधळत फिरला नव्हता

पावसाळा लागला की एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो शेजारच्या मुलीच्या शाळेतल्या भाषणात शिरला, म्हणून लिहिणं भाग आहे. मजकूर असा: जॉनी ॲपलसीड नावाचा अनवाणी फकीर अमेरिकेत सफरचंदाच्या बिया उधळत फिरला, त्याच्यामुळे देशाला गोड सफरचंदं मिळाली, तो कफल्लक मेला. म्हणून तुम्हीही खाल्लेल्या फळांच्या बिया गाडीतून फेका.

‘बिया उधळल्या.’ छे! माणूस खरा: जॉन चॅपमन, जन्म 1774, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू 1845, इंडियाना. धंदा रोपवाटिकेचा. पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या (आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाच्या) घाण्यांवर पडलेल्या चोथ्यातून तो बिया फुकट गोळा करायचा. वस्ती सरकायच्या आधीच पुढे जाऊन ओढ्याकाठची जमीन हेरायची, झाडोरा काढायचा, ओळीने बी पेरायचं आणि तोडलेल्या फांद्यांचं कुंपण घालायचं, कारण कोवळा शेंडा हरणं-गुरं ठेवत नाहीत. रोपं मोठी झाली की साधारण सहा सेंटला एक. गिऱ्हाइकाची चिंता नव्हती. वसाहतीसाठी जमिनी देणाऱ्या ओहायो कंपनीच्या एका मुलखात 100 एकर पदरात पडायला तीन वर्षांत सफरचंद किंवा पेअरची 50 आणि पीचची 20 झाडं लावण्याची अटच होती.

‘गोड सफरचंदं त्याच्यामुळे.’ सगळ्यात चीड आणणारा मुद्दा हाच. हापूसची कोय पुरून हापूस येत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सफरचंद म्हटलं की आपण ते विसरतो. सफरचंदाला स्वतःच्या जातीचं परागकण सहसा चालत नाही, त्यामुळे प्रत्येक बी संकर. एकाच फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच वेगळी झाडं, आणि बहुतेकांची फळं आंबट, तुरट, बारकी. फळ धरायलाच सहा ते दहा वर्षं. हवी ती जात टिकवायची तर झाड सुप्तावस्थेत असताना काडी काढायची, ओलसर थंडीत ठेवायची आणि कळ्या फुटायच्या सुमारास दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधायची. चॅपमनचा कलमांनाच विरोध होता. त्याच्या झाडांची फळं मुख्यतः घाण्यात जायची: रस आंबवून सायडर, नाहीतर व्हिनेगर. शाळेच्या भाषणात हे कोण सांगणार?

एवढं कबूल करतो की हजारो बीजू झाडांत एखादं सोनं निघतं. रेड डिलिशियस ही सफरचंदाची जात घ्या, ती आयोवातल्या जेसी हायट यांच्या बागेत असंच आपसूक उगवलेलं झाड होतं. पण ते चॅपमनचं नव्हे, आणि पसरलं कलमांनीच. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थांनी हिमाचलात कोटगढला आणली तीही कलमी रोपंच.

‘कफल्लक.’ रॉबर्ट प्राइस यांचं 1954 चं चरित्र काढून बघा. जमिनीचे व्यवहार त्यात आहेत. ओहायोत 160 एकरांचे तुकडे त्याने 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतले होते आणि मेला तेव्हा शेकडो एकर त्याच्या नावावर होते. राहणी मात्र खरोखरच साधी होती. स्वीडनबॉर्ग या स्वीडिश धर्मचिंतकाच्या ख्रिस्ती पंथाची पुस्तकं तो पानं सुटी करून घरोघरी वाचायला द्यायचा, हेही खरं. तो टोपीऐवजी डोक्यावर पातेलं घालायचा, ही गोष्ट मात्र सोडून द्या. ही सगळी दंतकथा फोफावली ती त्याच्या मृत्यूनंतर 26 वर्षांनी, 1871 च्या एका मासिकातल्या लेखाने.

आता ‘गाडीतून फेका’. सफरचंदाचं बी ओलसर आणि चार-पाच अंशांच्या थंडीत दोन-तीन महिने राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. ओहायोतला हिवाळा ते काम करतो, ताम्हिणीतला पाऊस करत नाही. महाराष्ट्रात काहींनी लावलेली कमी थंडीत येणारी सफरचंदाची हरमन-99 ही जातसुद्धा कलमीच असते. बी लावायचंच असेल तर जांभळाचं लावा: गर धुऊन ताजंच पेरायचं, कारण काही आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते. बहाव्याचं बी घ्याल तर आधी कानशीने टरफल जरा घासा, नाहीतर पाणी आत शिरत नाही.